कोकराच्या गाण्याचा शेवट

माझा पंचाहत्तरावा वाढदिवस कसा साजरा करायचा यावर घरात तीन आठवडे खल चालला होता, आणि त्या तीन आठवड्यांत माझं मत कुणीही विचारलं नव्हतं. धाकट्या बहिणीने परस्पर हॉल बघून ठेवला होता. मुलाने परदेशातून फोन करून फुग्यांचा रंग ठरवला होता. शेवटी एका रविवारी जेवता जेवता मी म्हणाले, "मला डोंगरात जायचंय. गाडीने. हॉलमध्ये तुम्ही बसा."

"डोंगरात काय आहे?" धाकटीने विचारलं.

"गाणी आहेत."

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मी पंचावन्न वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि आता ते बाहेर काढल्याशिवाय मला मरायचं नव्हतं. कुणाला सांगायचं तेही ठरलेलं होतं. महिन्यापूर्वी वर्तमानपत्रात एक बातमी आली होती. डोंगरातल्या एका गावात जुन्या शाळेचं 'गाणेघर' केलंय, आणि त्याची फीत एका त्र्याऐंशी वर्षांच्या मेंढपाळ बाईंनी कापली. फोटोत त्या हातात कात्री घेऊन उभ्या होत्या आणि कॅमेऱ्याकडे अशा बघत होत्या, जणू पुढची फीत त्याचीच. मी त्यांना लगेच ओळखलं.

तर आम्ही तिघी निघालो. गाडी चालवायला नात होती. तिला आम्ही चिमणी म्हणतो. सहा फुटांना दोनच बोटं कमी आहे. ती वाहन परवाना कार्यालयात लोकांच्या गाडी चालवण्याच्या परीक्षा घेते, आणि तिने नापास केलेले लोक रस्त्यात तिला बघून फुटपाथ बदलतात. भाड्याने आणलेली गाडी पिवळीधमक होती. "लिंबू आणलंस की गाडी?" असं धाकटी म्हणाली, आणि तरी पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"धाकटी आजी, पट्टा," चिमणी म्हणाली.

"लावते गं. अजून गाडी सुरू तरी झालीये का?"

"सुरू होण्याआधी लावायचा. दोन गुण गेले."

धाकटी बहात्तर वर्षांची आहे. तिने चाळीस वर्षं शाळेत मुलांना गाणं शिकवलं, त्यामुळे तिच्या मागे अजूनही रांग चालते आहे अशा बेताने ती चालते. आपले गुण कुणी कापावेत याची तिला मुळीच सवय नव्हती. शहर संपेपर्यंत तिचे अकरा गुण गेले. मग तिने कागदाच्या तीन टोप्या काढल्या, वाढदिवसाच्या, झिरमिळ्या लावलेल्या. एक स्वतः घातली, एक माझ्या डोक्यावर बसवली आणि एक चिमणीच्या.

"चालकाच्या नजरेच्या आड काही येता कामा नये," असं पुटपुटत चिमणीने टोपी मागे सरकवली, पण काढली नाही.

घाट सुरू झाला तशा आम्ही गायला लागलो. आधी सिनेमातली, मग शाळेतली, मग ज्यांचे शब्द कुणालाच येत नव्हते अशी. समोरून येणारे ट्रकवाले तीन टोप्या बघून हॉर्न वाजवत होते आणि धाकटी प्रत्येकाला सूर कोणता लागला ते सांगत होती. एका म्हाताऱ्या बसचा हॉर्न तिला इतका आवडला की तिने खिडकीतून "वा!" अशी दाद दिली.

पहिला थांबा घंटा करणाऱ्याकडे घेतला. रस्त्याकडेला भट्टी, बाहेर तारेवर ओळीने टांगलेल्या मेंढ्यांच्या घंटा. लिंबाएवढीपासून नारळाएवढीपर्यंत. माणूस पन्नाशीचा, कानात कापूस घालून बसलेला.

"कानात कापूस घालून सूर कसा कळतो?" धाकटीने विचारलं.

"दातांना कळतो," तो म्हणाला, आणि घंटेची कड दातांत धरून त्याने तिच्यावर टिचकी मारली. मग कानस घेतली. आतून घासलं की आवाज उतरतो, कडेवर घासलं की चढतो, असं त्याने दाखवलं. प्रत्येक कळपाच्या चार घंटा एकमेकींशी जुळवलेल्या असतात. धुकं आलं की डोळे बिनकामाचे, मग धनी नुसत्या आवाजावरून आपला कळप ओळखतो.

"आणि सूर चुकला तर?" चिमणी म्हणाली.

"तर संध्याकाळी दुसऱ्याच्या मेंढ्या माझ्या दारात आणि त्यांच्यामागून तो दुसरा."

धाकटी तारेवरच्या सगळ्या घंटा बोटाने वाजवत गेली आणि एका घंटेशी थांबली. "ही उतरलीये."

"ती नाही उतरलेली."

"उतरलीये. केसभर."

त्याने कानातला कापूस काढला. घंटा दातांत धरली, वाजवली, परत वाजवली. मग कानस उचलून कडेवर चार हात मारले. धाकटीची मान अशी ताठ झाली की परत गाडीत बसल्यावर टोपी छताला लागायला लागली.

आणि म्हणूनच त्यानंतर तिला सांगणं अवघड झालं.

झालं असं, की घंटावाल्याकडून निघाल्यावर धाकटीने 'कोकराचं गाणं' सुरू केलं. ते येणारच होतं. त्या डोंगरात जाऊन ते न गाणं म्हणजे विहिरीवर जाऊन पाणी न पिणं. आमच्याकडे ते शाळेच्या पुस्तकात आहे. दरीच्या दोन अंगांना दोन बाया मेंढ्या चारताहेत. एकीचं कोकरू हरवतं. ती विचारते, दुसरी उत्तर देते.

*पल्याडच्या बाई, पल्याडच्या बाई,*
*कोकरू माझं दिसतंय का?*
*अल्याडच्या बाई, अल्याडच्या बाई,*
*झऱ्यापाशी बघ, बसलंय का?*

झऱ्यापाशी नसतं, नुसता ओला दगड असतो. मग दगडामागे, मग काट्यांत, मग ढगाखाली, असं ते गाणं डोंगर चढत जातं. चिमणीही गात होती. तिलाही शाळेत ते पाठ करावं लागलं होतं, आणि तेही धाकटीच्याच वर्गात. शेवटच्या कडव्याशी धाकटीने दोन्ही हात वर केले. हे कडवं ती नेहमी हळू लयीत घेते.

*सापडलं बाई, सापडलं कोकरू,*
*लोकरीत लोकर मिसळून गेली.*
*जा आता घरी, अल्याडच्या बाई,*
*मीही निघाले, सांज झाली.*

"लोकरीत लोकर मिसळून गेली," ती डोळे पुसत म्हणाली. "काय ओळ आहे गं ताई! शिकलेल्या माणसाला सुचणार नाही."

"मला सुचली," मी म्हणाले.

"काय?"

"ती ओळ. ते अख्खं कडवं. ते मी लिहिलंय."

चिमणीने डावा इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, गाडी रीतसर कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागे वळून म्हणाली, "आजी, परत बोल."

मग मी सांगितलं. आमचे वडील रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रक होते. उन्हाळ्यात जीपमध्ये टेपरेकॉर्डर घालून ते डोंगरातली गाणी टिपत फिरायचे. मी वीस वर्षांची झाले तेव्हा मला मदतीला नेलं. टेपची फीत चढवायची, उतरवायची, डब्यावर गावाचं नाव लिहायचं आणि गाण्याचे शब्द वहीत उतरवायचे, एवढं माझं काम. ज्या दिवशी हे गाणं मिळालं त्या दिवशी वडील तापाने फणफणले होते. "तू घे, मी जीपमध्ये पडतो," असं म्हणाले. मी कानांवर हेडफोन चढवून ऐटीत बसले. या अंगाला एक मेंढपाळ बाई, पलीकडच्या अंगाला तिची नणंद. आणि ऐन भरात असताना फीत संपली. कोऱ्या फितीऐवजी मी घाईत अर्धी भरलेली चढवली होती. शेवट टिपलाच गेला नाही.

"मग त्यांना परत गायला सांगायचं ना," धाकटी म्हणाली.

"लाज वाटली. पहिल्यांदाच विश्वासाने काम दिलं होतं. दुसऱ्या दिवशी दरी ओलांडून नणंदेच्या गावात गेलो, तिचं नाव-गाव लिहून घेतलं, तेव्हाही तोंड उघडलं नाही. घरी येऊन बाबांच्या स्वेटरचं कोपर रफू करत बसले होते. एक लोकर दुसरीत बेमालूम गेली, आणि ती ओळ आली. मग पुढच्याही आल्या. चाल तीच होती. वहीत लिहून टाकलं. बाबांना वाटलं, फितीवर नाही पण मी ऐकून उतरवलंय. केंद्रातल्या गायिकेने ते गायलं. आणि मग..." मी हात पसरले. "मग पुस्तकात गेलं."

धाकटी समोरच्या काचेतून बघत होती. तिच्या टोपीच्या झिरमिळ्या थरथरत होत्या. मला वाटलं रडतेय.

"ते कडवं विसरली म्हणून," ती सावकाश म्हणाली, "एका मुलीला मी तासभर वर्गाबाहेर उभी केली होती."

"ती मुलगी मी होते," चिमणी म्हणाली.

पहिल्यांदा कोण फिसकलं ते आठवत नाही. पण मग तिघींचं असं सुटलं की गाडी हलायला लागली. धाकटी "फसवी! लबाड! चाळीस वर्षं!" असं ओरडत मला रुमालाने मारत होती आणि हसून हसून तिला उचकी लागली. चिमणीने हॉर्नवर डोकं टेकलं, तो वाजला, त्यावर आणखी हसू.

"आणि आता काय करायचं ठरवलंयस?" धाकटीने उचकीच्या मधल्या जागेत विचारलं.

"त्या बाईंना सांगायचं. त्या आहेत अजून. गाणं त्यांचं, शेपूट माझं. जाऊन माफी मागायची."

"त्यांनी काठी उगारली तर?"

"खाईन. वाढदिवस आहे, काहीतरी मिळायलाच हवं."

हा नुसता आव होता. बाबा गेले तेव्हा त्यांच्याबद्दल छापून आलेल्या चार ओळींत एक ओळ या गाण्याची होती. त्यांना मी सांगू शकले नाही. आता उरल्या होत्या फक्त त्या.

गाणेघर गावाच्या तोंडाशीच होतं. तीन खोल्या, लाकडी फरशी, खिडकीत विणकाम करत बसलेली रखवालदारीण. तिने विणकाम न सोडता हनुवटीने दिशा दाखवली. पहिल्या खोलीत घंटा, दुसरीत बासऱ्या आणि कातडी ताशे, तिसरीत सबंध भिंतभर कोकराचं गाणं. बाबांचा फोटो होता, कानांवर हेडफोन लावलेला, पोरसवदा वाटणारा. त्याच्या शेजारी मीही होते. म्हणजे माझं कोपर होतं; बाकीची मी चौकटीबाहेर कापली गेले होते.

"कोपरावरून ओळख पटते बरं का," धाकटी म्हणाली. "तेव्हाही असंच टोकदार."

खाली एक बटण होतं. चिमणीने दाबलं. शाळेतली मुलं गायला लागली आणि आम्ही भिंतीवरचा मजकूर वाचायला लागलो. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'या गाण्याचं शेवटचं कडवं सर्वांत प्राचीन असावं, असं अभ्यासकांचं मत आहे. त्यातल्या लोकरीच्या प्रतिमेतून डोंगरी माणसाचं शेकडो वर्षांचं शहाणपण व्यक्त होतं.'

धाकटीने माझा दंड धरला. "शेकडो वर्षांची आहेस तू. दिसत नाहीस हो."

"केक केवढा आणायला हवा होता," चिमणी म्हणाली.

पुन्हा आमचं सुरू झालं. रखवालदारीण विणकाम खाली ठेवून दारात आली. गाणेघरात इतकं कुणी हसत नसावं. तिला मी विचारलं की फीत कापणाऱ्या बाई कुठे राहतात.

"वर, शेवटचं घर. पण गाणं गायला सांगू नका. त्या हे गाणं गात नाहीत."

"का?"

"काय माहीत. उद्घाटनाला मंत्री आले होते, त्यांनी दोन ओळींची विनंती केली. त्यांनाही नाही म्हणाल्या. म्हणे घसा बसलाय. त्याच घशाने नंतर कुत्र्याला हाक मारली ती खालच्या गावात ऐकू गेली."

माझं हसू तिथेच थांबलं.

शेवटचं घर दरीच्या अगदी काठावर होतं. बाई दारापुढच्या बाकावर बसून लोकर पिंजत होत्या. समोर दरी, इतकी अरुंद की पलीकडच्या घराच्या दोरीवर वाळत घातलेले मोजे मोजता यावेत, आणि इतकी खोल की रस्त्याने तिथे जायला दीड तास लागावा. आम्ही तिघी समोर जाऊन उभ्या राहिलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की टोप्या अजून डोक्यावरच आहेत.

"कसली वरात ही?" बाई म्हणाल्या.

मी टोपी काढली. "मी त्या टेपवाल्यांची मुलगी. पंचावन्न वर्षांपूर्वी आलो होतो आम्ही."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "ती बारकी? सारखी शिंकणारी?"

"तीच. लोकरीने शिंका यायच्या."

"हं. आता बारकी नाहीस." त्यांनी बाकावर जागा केली. "बस. काय काम काढलंस?"

मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. अर्धी फीत, लाज, स्वेटरचं कोपर, वही. शेवटी म्हणाले, "ते कडवं तुमचं नाही, माझं आहे. तुमच्या गाण्याला मी खोटं शेपूट लावलं. माफ करा."

त्यांचे हात थांबले होते. लोकर मांडीवरून घसरून खाली पडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"तू लिहिलंस?"

"हो."

"नणंदेने नाही?"

"नाही हो. त्यांचा काय संबंध?"

"अरे देवा," बाई म्हणाल्या, आणि दरीपलीकडे बघायला लागल्या. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या गाण्याला शेवट नसतो, बाई! धुक्यात गायचं असतं हे. तिची हाक आली की मला कळतं ती नीट आहे, माझी गेली की तिला कळतं मी नीट आहे. धुकं सरेपर्यंत म्हणत राहायचं. आणि धुकं नसलं तर जी आधी थांबेल ती हरली. दोन-दोन तास गायलोय आम्ही. कधी ती हरली, कधी मी."

"मग कोकरू?"

"कोकरू सापडत नसतं. सापडलं तर गाणार काय?"

मागे धाकटीला पुन्हा उचकी लागली.

"आणि मग रेडिओवर ते लागलं," बाई पुढे म्हणाल्या. "'जा आता घरी, अल्याडच्या बाई.' मला घरी जा म्हणाली! मी हरले असं अख्ख्या मुलखाला सांगितलं! तुमची जीप दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेली होती, ते मी बघितलं होतं. म्हटलं, माझ्या पाठीमागे तिने शेवट लावून दिला, स्वतःला जिंकवून घेतलं."

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?"

"मी का विचारू? सांगायचं तिने."

"आणि त्यांना काय वाटलं?"

"तिला वाटलं मी लावला, तिच्या तोंडी 'निघाले' घालून तिला हरवलं. तिच्या जावेने मला सांगितलं. म्हटलं, बघा, चोराच्या उलट्या बोंबा."

"म्हणजे पन्नास वर्षं तुम्ही बोलत नाही?" चिमणीने घाबरून विचारलं.

"बोलतो की. न बोलायला काय झालं? लग्नात भेटतो, शेजारी बसून जेवतो. तिचा गुडघा दुखतो, माझी कंबर. तिच्या नातवाला मोजे मीच विणले, ते बघ, वाळताहेत. बोलतो सगळं." त्या थांबल्या. "गात नाही."

मी एक खोटी ओळ लिहिली होती इतकंच मला वाटत होतं. इथे त्या ओळीने दोन बायकांचं गाणं पंचावन्न वर्षं बंद केलं होतं. मी उठले. "चिमणे, गाडी काढ. पलीकडे जाऊन त्यांनाही सांगते."

"दीड तास जायला, दीड यायला," बाई म्हणाल्या. "आणि ती आत्ता अंगणातच आहे. इथूनच सांग."

"ओरडू?"

"ओरडलेलं जात नाही, विरून जातं. गाऊन सांग. चाल तर येतेच तुला, शेपूट लावलंस इतकं चांगलं."

मी काठाशी गेले. आयुष्यात मी कधी लोकांसमोर गायले नव्हते. आमच्या घरात गाणं धाकटीचं आणि वही माझी. पलीकडच्या अंगणात एक निळा ठिपका मान खाली घालून काहीतरी निवडत बसला होता. मी श्वास घेतला आणि सुरुवात केली.

*पल्याडच्या बाई, पल्याडच्या बाई,*
*शेवट तो हिने केला नाही.*
*टेपवाल्याची मुलगी मी,*
*माझंच पाप ते, हिचं नाही.*

आवाज असा फाटला की शेजारची शेळी उठून घरामागे गेली. निळा ठिपका हलला नाही.

"वर धर," बाई म्हणाल्या. "नाकातून सोड."

मी परत गायले. या वेळी धाकटी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने सूर दिला, मग चिमणीनेही. तिघींनी मिळून दरीत पापाची कबुली सोडली. पलीकडे एक कुत्रा भुंकला. निळ्या ठिपक्याने मान वर केली, उभा राहिला आणि चालत चालत घरात गेला.

"गेली," मी म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं. "नाही पटलं त्यांना."

बाईंनी दोन्ही हात बाकावर घट्ट रोवले होते आणि त्या पलीकडच्या दाराकडे बघत होत्या. तेव्हा मला कळलं की काठी खाणं सोपं होतं.

"पुन्हा," धाकटी माझ्या कानात म्हणाली, वर्गातल्या आवाजात. "रडायचं नंतर. तिसऱ्यांदा, आणि 'पाप'वर जोर."

तिसऱ्यांदा गायलो. शेवटची ओळ दरीत फिरून परत आमच्याकडे आली आणि विरली. मग पलीकडचं दार उघडलं. निळा ठिपका बाहेर आला. गळ्याला मफलर गुंडाळत होता. अंगणाच्या कडेला येऊन त्याने हात कमरेवर ठेवले, आणि एक आवाज आला. म्हातारा, चिरका, पण बाणासारखा सरळ.

*अल्याडच्या बाई, अल्याडच्या बाई,*
*शेळी कुणाची ओरडते गं?*
*अर्धं आयुष्य सरल्यावर,*
*खरं आता ती बोलते गं?*

"शेळी!" धाकटी किंचाळली. "ताई, तुला शेळी म्हणाल्या!" आणि तिने मला मिठीच मारली.

बाई उठल्या होत्या. मांडीवरची उरलेली लोकर झटकून त्या काठापाशी आल्या, मला कोपराने बाजूला सारलं आणि तोंड उघडलं. गाणेघरात बटण दाबल्यावर जे येत होतं त्याचा आणि या आवाजाचा काही संबंध नव्हता. पहिल्या शब्दावर तो अडखळला, दुसऱ्यावर सावरला, आणि तिसऱ्याला दरीपार गेला.

*पल्याडच्या बाई, पल्याडच्या बाई,*
*कोकरू माझं दिसतंय का?*

उत्तर आलं. मग त्यावर प्रश्न. झऱ्यापासून ढगापर्यंत आम्हाला ठाऊक होतं. त्याच्या पुढे आमच्या पुस्तकात नव्हतंच काही. कोकरू नणंदेच्या गुडघ्यात शिरलं, तिथून भावजयीच्या कंबरेत. मेलेल्या नवऱ्याच्या टोपीखाली बघून झालं. कुणाच्या लग्नात कुणी कुणाला वाढलं नाही, तेही त्यात आलं. रखवालदारीण विणकाम हातात घेऊन चढ चढून आली आणि तोंड उघडं टाकून उभी राहिली. तिच्यामागे आणखी माणसं आली. चिमणीने डिकीतला केक काढून गाडीच्या बॉनेटवर कापला आणि सगळ्यांना वाटला. कुणाचा वाढदिवस, असं कुणी विचारलंसुद्धा नाही.

उजेड कलला तेव्हा चिमणी घड्याळ दाखवायला लागली. मी बाईंजवळ गेले. निरोप घ्यायचा होता, पाया पडायचं होतं, काहीतरी म्हणायचं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता, गाणं न तोडता, हाताने 'जा, जा' केलं, जसं कोंबडीला करतात.

मी गाडीत बसले. काचा खाली केल्या. धाकटीने न सांगता पट्टा लावला. पहिलं वळण उतरलो तेव्हाही दोघींचे आवाज येत होते, आणि मग त्या गाण्यात काहीतरी बदललं. चिमणीने वेग कमी केला.

*पल्याडच्या बाई, पल्याडच्या बाई,*
*पिवळी गाडी दिसतेय का?*
*अल्याडच्या बाई, दिसतेय दिसतेय,*
*शेळी तिच्यात बसलीये का?*

धाकटीने अर्धं अंग खिडकीबाहेर काढून टोपी हलवली. चिमणीने गुण कापले नाहीत. तिने दोनदा हॉर्न वाजवला. वरून हसण्याचा आवाज आला की गाण्याचा, ते कळलं नाही. पुढच्या वळणावर आम्ही झाडांच्या आड गेलो, आणि वर त्या दोघी आम्हाला शोधायला लागल्या, झऱ्यापाशी, दगडामागे, काट्यांत.